कर्सर आतच, तरी ‘बाहेर गेला’ची वर्दी

वेबपानावरच्या मेन्यूची एक ओळ घ्या. तिच्यात एक आयकॉन, एक शब्द, दोन्ही वेगवेगळे एलिमेंट, म्हणजे पानाचे घटक. ओळीवर माउसओव्हर आणि माउसआउट हे इव्हेंट, म्हणजे कर्सर आल्या-गेल्याच्या वर्द्या, लावलेले. कर्सर ओळीच्या पॅडिंगवरून, म्हणजे तिच्या आतल्या मोकळ्या कडेवरून, शब्दावर सरकला की ओळीचा माउसआउट सुटतो. पाठोपाठ शब्दाचा माउसओव्हर सुटतो आणि बबल होत, म्हणजे आतल्या एलिमेंटकडून बाहेरच्याकडे चढत, ओळीपर्यंत येतो. कर्सर ओळीबाहेर पडलेलाच नाही, पण पहिल्या वर्दीला सबमेन्यू मिटतो, दुसरीला उघडतो. उघडताना ॲनिमेशन असेल तर तेही पुन्हा पहिल्यापासून.

नेटस्केप नॅव्हिगेटर २ मध्ये ऑनमाउसओव्हर मुख्यतः लिंकसाठी होता, ऑनमाउसआउट १९९६ च्या नॅव्हिगेटर ३ मध्ये आला. लिंकच्या पोटात फार तर एखादं चित्र, त्यामुळे हा घोळ तेव्हा कुणाला जाचला नाही. १९९७ मध्ये दोन्ही ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्त्या आल्या आणि वाटा फुटल्या: नेटस्केपचा इव्हेंट वरून खाली उतरायचा, इंटरनेट एक्स्प्लोररचा खालून वर चढायचा. नोव्हेंबर २००० मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या डॉम (पानातल्या एलिमेंटांचं झाड) लेव्हल २ ने दोन्ही दिशा मान्य केल्या, माउसओव्हर-माउसआउट बबल होणारे ठेवले आणि कर्सर कुठून आला, कुठे गेला हे सांगायला रिलेटेडटार्गेट दिला.

गंमत म्हणजे नेमकं उत्तर त्याच वर्षी बाजारात होतं. इंटरनेट एक्स्प्लोरर ५.५ ने माउसएंटर आणि माउसलीव्ह आणले: बबल होत नाहीत, मुलांमधल्या (पोटातल्या एलिमेंटांमधल्या) येण्याजाण्याची दखल घेत नाहीत. पण ते एकाच कंपनीचे म्हणून इतरांनी बराच काळ दूर ठेवले. फायरफॉक्समध्ये ते २०१२ साली दहाव्या आवृत्तीत आले, क्रोममध्ये २०१३ साली तिसाव्या.

मधली वर्षं लायब्रऱ्यांनी, म्हणजे तयार कोडच्या संचांनी, निभावली. २००६ मध्ये आलेल्या जेक्वेरीचं ‘हॉवर’ आतून एवढंच करायचं: रिलेटेडटार्गेट हा आपलाच एलिमेंट किंवा त्याच्या पोटातला असेल तर इव्हेंट सोडून द्यायचा. हेच हाताने लिहिणारे मात्र एका जागी हमखास अडकायचे. कर्सर थेट खिडकीबाहेर गेला की रिलेटेडटार्गेट नल (रिकामा) असतो, आणि पालक शोधत वर चढणारा लूप तिथेच एरर देतो. नल म्हणजे ‘बाहेर’ असं आधीच धरलं की झालं.

पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही. १९९८ च्या सीएसएस २ मध्ये आलेला हॉवर (कर्सर वर असतानाची शैली) मुलावर कर्सर असताना पालकालाही लागू राहतो. पण इंटरनेट एक्स्प्लोरर ६ तो फक्त लिंकवर मानायचा, म्हणून २००३ च्या ‘सकरफिश’ ड्रॉपडाउनला यादीच्या ओळींवर क्लास (शैली लावण्यासाठीचं नाव) चिकटवणारी छोटी स्क्रिप्ट सोबत द्यावी लागली. सातव्या आवृत्तीत, २००६ मध्ये, ती गरज संपली.

माउसएंटर सगळीकडे मिळाला तरी तो फुकट नाही. तो बबल होत नाही, त्यामुळे ५०० ओळींच्या तक्त्यावर एकच लिसनर (इव्हेंट ऐकणारा कोड) लावून भागत नाही. तिथे माउसओव्हरच घ्यावा, टार्गेट आणि रिलेटेडटार्गेट दोघांची सर्वांत जवळची ओळ ‘क्लोजेस्ट’ने काढावी, दोन्ही एकच निघाली तर काही करू नये.

दुसरा सापळा ‘आत’ या शब्दाचा. ब्राउझर आत-बाहेर ठरवतो ते डॉमच्या झाडावरून. सबमेन्यू पालकाच्या चौकटीबाहेर काढलेला असला तरी झाडात आतच असतो. मात्र मध्ये ४ पिक्सेलची मार्जिन (एलिमेंटबाहेरची मोकळी जागा) राहिली तर कर्सर ती ओलांडताना खरोखरच बाहेर पडतो. मार्जिनऐवजी सबमेन्यूला पॅडिंग द्यावं, नाहीतर मिटवायला २००-३०० मिलिसेकंद उशीर करावा. टूलटिप (माहितीची छोटी चौकट) कर्सरखालीच उघडत असेल आणि ती एलिमेंटच्या पोटातली नसेल, तर उघड-मीट थांबतच नाही. तिला ‘पॉइंटर-इव्हेंट्स: नन’ लावावं.

रिॲक्ट या लायब्ररीच्या पोर्टलमध्ये झाडं दोन होतात. पॉपअप डॉममध्ये बॉडीखाली, कंपोनंटांच्या (रिॲक्टच्या तुकड्यांच्या) झाडात मात्र बटणाच्या पोटात. कर्सर बटणावरून थेट पॉपअपवर गेला की बटणाचा नेटिव्ह (ब्राउझरचा स्वतःचा) माउसलीव्ह सुटतो, रिॲक्टचा ऑनमाउसलीव्ह सुटत नाही. एकाच कंपोनंटमध्ये दोन्ही तऱ्हा मिसळल्या असतील तर बग आधी इथे शोधावा.