उन्हाने परतलेला जुना त्रास म्हणजे रिलॅप्स नव्हे

माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार आहे, म्हणून ओळखीच्या एमएस असलेल्या घरांतून मला फोन येतात. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की वाक्य ठरलेलं असतं: "ताई, पुन्हा अटॅक आला." विचारलं की कळतं, वहिनी भर दुपारी पंचवटीत लग्नाच्या मांडवात बसल्या होत्या आणि आता डावा पाय ओढत चालतायत. तीन वर्षांपूर्वीच्या अटॅकमध्ये गेलेला तोच डावा पाय.

रिलॅप्स, म्हणजे खरा अटॅक काय असतो, हे एमआरआयची पाकिटं कपाटावर रचून ठेवणाऱ्या घराला सांगायला नको. प्रतिकारशक्ती नसांवरच्या मायलिनच्या आवरणावर नव्याने हल्ला करते, सूज येते, तक्रार हळूहळू वाढते आणि कित्येक दिवस राहते.

स्यूडो-रिलॅप्समध्ये, म्हणजे खोट्या रिलॅप्समध्ये, नवा हल्ला नसतोच. जिथलं मायलिन आधी गेलंय तिथून संदेश एरवीही जेमतेम पुढे सरकतो. शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी तो अडतो आणि जुनी तक्रार वर येते. उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्ये श्रमानंतर अंधुक होणारी नजर नोंदवली, तो हाच प्रकार. एमआरआय येण्यापूर्वी संशयित रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणं वाढतात का, ते बघत. मानेवर ओला पंचा घेऊन कूलरसमोर बसलं की हा त्रास बहुधा तासाभरात उतरतो.

इथवर बहुतेकांना पटतं. घोळ होतो तो पुढे.

"चोवीस तासांच्या वर टिकलं की रिलॅप्स" हा नियम सगळ्यांना पाठ आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा असा: ताप नसताना, संसर्ग नसताना. वहिनींचा पाय दुसऱ्या दिवशीही सुधारला नाही, तेव्हा घरच्यांनी थेट स्टेरॉइडची तयारी केली. लघवी तपासली का, विचारलं तर उत्तर आलं, "जळजळ नाही हो." एमएसमध्ये मूत्राशयाची संवेदना मंदावलेली असू शकते, त्यामुळे जळजळ नसतानाही संसर्ग असतो आणि तो जुना त्रास कित्येक दिवस वर ठेवतो. अशा वेळी मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे एक-एक ग्रॅमचे तीन ते पाच डोस दिले तर संसर्ग आणखी बळावतो, साखर वाढते, झोप उडते. खऱ्या रिलॅप्समध्येही हे औषध सुधारणा लवकर आणतं, आजाराची पुढची वाट बदलत नाही. म्हणून माझा आग्रह: आधी थर्मामीटर, मग लघवीचा रिपोर्ट, आणि सलाइनमधून स्टेरॉइड द्यायचं का, हा निर्णय न्यूरॉलॉजिस्टचा. वहिनींच्या रिपोर्टमध्ये संसर्गच निघाला.

उलटी चूक मात्र मला जास्त घाबरवते. डोळा हलवताना दुखतोय, एका डोळ्याने रंग फिके दिसतायत, आणि असं आधी कधीच झालेलं नाही: याला "ऊन लागलं असेल" म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

"अटॅक" हा शब्द मला मुळीच नको. पक्षाघातालाही तोच, हृदयालाही तोच, आणि मांडवातल्या उकाड्यालाही तोच.

१९९३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं इंटरफेरॉन बीटा-१बी हे एमएसचं औषध वर्षाला रिलॅप्स किती कमी होतात, यावर जोखलं गेलं होतं. उन्हाचा त्रास त्यात मोजला गेला तर आकडाच चुकतो. संशोधनाला देणगी जरूर द्या, पण आपल्या माणसाची वहीही नीट ठेवा: तारीख, ताप, लघवीचा रिपोर्ट, तक्रार नवी की जुनी. आणि शेजारच्या रुग्णाला मदत करायची असेल तर उन्हाळ्याआधी एक कूलर द्या, फिजिओथेरपीला सकाळी सातला सोडायला जा, आणि लग्नाला बोलवाल तेव्हा पंख्याखालची खुर्ची राखून ठेवा.