विद्युत रोध आणि शक्ती : विभवांतर व धारेवरून गणन

विद्युत उपकरणाच्या दोन टोकांमधील विभवांतर, म्हणजे विद्युत दाब, व्होल्टमध्ये आणि त्यातून वाहणारी विद्युतधारा अँपिअरमध्ये मोजली, की विभवांतराला धारेने भागून उपकरणाचा रोध ओहममध्ये मिळतो, आणि दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की उपकरण त्या क्षणी घेत असलेली शक्ती वॉटमध्ये मिळते. ठरावीक तापमानाला धातूच्या तारेतील धारा तिच्या टोकांमधील विभवांतराच्या प्रमाणात वाढते, हा निष्कर्ष जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेऑर्ग सायमन ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील तापमानाची अट पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकली जाते, पण प्रत्यक्ष मापनात बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

मुंबईत घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा असतो. गीझर चालू असताना त्याच्या टोकांवर २३० व्होल्ट आणि तारेत ८.७ अँपिअर मोजले गेले, तर त्याच्या तापकाचा रोध सुमारे २६.४ ओहम आणि शक्ती सुमारे २,००० वॉट ठरते. असा गीझर अर्धा तास चालला की एक किलोवॉट-तास ऊर्जा, म्हणजे वीजबिलातील एक युनिट, खर्च होते. तापकात वापरल्या जाणाऱ्या निक्रोम या मिश्रधातूचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही. त्यामुळे दाब २१० व्होल्टपर्यंत उतरला तर काय होईल हे याच रोधावरून सांगता येते. तेव्हा शक्ती सुमारे १,६७० वॉट उरते. दाब नऊ टक्क्यांहूनही कमी घटला असताना शक्ती साडेसोळा टक्क्यांनी घटते, कारण रोध कायम असेल तर शक्ती विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

शक्तीचे सूत्र आणखी दोन रूपांत मांडता येते. एका रूपात शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध, तर दुसऱ्यात विभवांतराचा वर्ग भागिले रोध. पहिल्यावरून रोध वाढला की उष्णता वाढते असे वाटते, दुसऱ्यावरून ती कमी होते असे, आणि विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. वस्तुतः कोणती राशी स्थिर आहे एवढेच पाहायचे असते. घरातील उपकरणे समांतर जोडलेली असल्यामुळे प्रत्येकावरील दाब जवळजवळ सारखा राहतो, म्हणून कमी रोधाचे उपकरण अधिक शक्ती घेते. उपकरणाकडे जाणारी तार आणि प्लग मात्र त्याच्याशी एकसरीत असतात व त्यांतून जाणारी धारा मुख्यतः उपकरणच ठरवते. तेथे रोध वाढला की उष्णता वाढते. मुंबईतील लोहार चाळ या विजेच्या सामानाच्या बाजारातील दुकानात तारेची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये विचारतात, त्यामागे हेच गणित आहे. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची जाऊन-येऊन ४० मीटर लांबी धरली, तर रोध सुमारे ०.३ ओहम भरतो आणि वरील गीझर चालू असताना त्या तारेत सुमारे २३ वॉट उष्णता निर्माण होते. ती संपूर्ण लांबीवर पसरत असल्याने जाणवत नाही. मुंबईच्या दमट, खारट हवेत गंजलेल्या प्लगच्या सांध्यात मात्र अर्धा ओहम रोध निर्माण झाला, तर सुमारे ३८ वॉट उष्णता एकाच बिंदूवर साठते. हे लहान सोल्डरिंग आयर्न प्लगमध्ये बसवून ठेवल्यासारखे आहे. प्लग काळा पडतो तो यामुळे.

उपनगरी रेल्वेतही हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर दिसते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर देशातील पहिली विद्युत गाडी धावली, ती १,५०० व्होल्ट एकदिश (डीसी) दाबावर. पुढे टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती (एसी) पद्धत आली आणि २०१६ मध्ये हार्बर मार्गावरील बदल पूर्ण झाला. उदाहरणादाखल ३,००० किलोवॉट शक्ती घेणारी गाडी धरली, तर पहिल्या दाबाला २,००० अँपिअर धारा लागते, दुसऱ्याला, शक्तिगुणक (प्रत्यक्ष शक्ती भागिले व्होल्ट व अँपिअर यांचा गुणाकार) एक मानल्यास, केवळ १२०. तारेचा रोध तोच मानला तर तारेतील उष्णतेचा व्यय सुमारे २७८ पटींनी घटतो.

भागाकारातून येणारा रोध त्या अवस्थेपुरताच खरा असतो. २३० व्होल्टच्या १०० वॉट टंगस्टन दिव्याचा रोध पेटलेला असताना ५२९ ओहम येतो. तोच दिवा विझवून, थंड झाल्यावर मल्टिमीटरने मोजला तर आकडा दहा ते पंधरा पटींनी कमी दिसतो. मीटर बिघडलेला नसतो, तंतू थंड असतो.

मोटर असलेल्या उपकरणांत आणखी काळजी घ्यावी लागते. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा एकफेजी पंप २३० व्होल्टला ५ अँपिअर घेत असेल, तर गुणाकार १,१५० येतो, पण ते वॉट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर असतात. शक्तिगुणक ०.८ असल्यास प्रत्यक्ष शक्ती ९२० वॉट. भागाकारातून येणारे ४६ ओहमही गुंडाळीच्या तारेचा रोध नसून संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती धारेला होणारा एकूण विरोध, असतो, आणि मल्टिमीटरने मोजलेला गुंडाळीचा रोध त्याहून बराच कमी भरतो. ही धारा क्लॅम्प मीटरने मोजताना त्याच्या जबड्यात फेज किंवा न्यूट्रल यांपैकी एकच तार घ्यावी. दोन्ही एकत्र धरल्या तर परस्परविरुद्ध धारांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात आणि पंप जोरात चालू असतानाही मीटर शून्य दाखवतो.