‘तेव्हा मला कोणी विचारले होते?’ : कोकण किनाऱ्यावरच्या एका वादाची पार्श्वभूमी

पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये गेल्या काही दशकांत एक वाद घरोघर पोहोचला आहे. जन्मानंतर काही आठवड्यांतच चर्चमध्ये स्नानसंस्कार झालेला मुलगा किंवा मुलगी मोठेपणी मिस्साला (कॅथलिक चर्चमधल्या उपासनेला) जाणे सोडते, एखाद्या फेलोशिपमध्ये (समजत्या वयातलाच बाप्तिस्मा खरा मानणाऱ्या स्वतंत्र प्रार्थनामंडळात) रमते आणि एक दिवस खाडीत, समुद्रात नाहीतर बांधलेल्या हौदात उतरून पुन्हा बाप्तिस्मा घेते. घरच्यांना हा आजा-पणजांचा अपमान वाटतो. पाण्यात उतरणाऱ्याचा सवाल सरळ असतो : तान्हेपणी डोक्यावर पाणी ओतले, तेव्हा मला कोणी विचारले होते?

ख्रिस्ताने क्रुसावर केलेले बलिदान सर्वांसाठी होते आणि पापांची क्षमा त्यातूनच मिळते, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. भांडण आहे ते ही क्षमा आपलीशी केव्हा होते आणि ती स्वीकारायची कोणी, यावर. बलिदान आणि क्षमा यांवर ख्रिस्ती जगात कमी वाद झाले नाहीत, पण ते बहुतेक इथून दूर झाले. जेरुसलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये पडले आणि तिथले पशुबळी थांबले. पुढची काही शतके क्रूस म्हणजे सैतानाच्या तावडीतून माणसाला सोडवण्यासाठी मोजलेली खंडणी, असे मानणारे पुष्कळ होते. अकराव्या शतकाच्या अखेरीस एका मठवासी विचारवंताने त्याला देवाच्या दुखावलेल्या मानाच्या भरपाईचे रूप दिले, आणि पाश्चात्त्य चर्चवर त्याचीच छाप राहिली. समज आलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी कुमसार (पाद्रीसमोर पापांची कबुली) करावा, हा नियम १२१५ चा. क्षमापत्रांच्या बाजारावरून १५१७ मध्ये जर्मनीत ठिणगी पडली. मिस्सा हे त्याच बलिदानाचे रक्तविरहित रूप आहे, असे कॅथलिक चर्चच्या त्रेंत इथल्या धर्मसभेने १५६२ मध्ये ठरवले. आपल्याकडे हे सगळे ठरून, बांधून, जहाजातून आले.

क्षमा स्वीकारायची कोणी, हा निवडीचा प्रश्न मात्र तसा आधीच मिटलेला नव्हता. १५२५ च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही जणांनी बालपणीचा बाप्तिस्मा अमान्य करून एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. दोन वर्षांनी त्यांच्यातल्या एकाला तिथल्या नदीत बुडवून मारण्यात आले, आणि मारणारे प्रॉटेस्टंट होते. त्रेंतच्या सभेने १५४७ मध्ये यावरचा आपला नियम लिहून ठेवला. तान्हेपणी स्नानसंस्कार झालेल्यांना मोठेपणी ‘तुमच्या वतीने दिलेला शब्द तुम्हाला मान्य आहे का’ असे विचारावे, आणि नाही म्हणाले तर त्यांना मोकळे सोडावे, असे जो म्हणेल तो बहिष्कृत. आज वसईतली एखादी पोर जे विचारते, ते विचारायलाच तेव्हा बंदी घातली गेली.

याच काळात पोर्तुगीज या किनाऱ्यावर पाय रोवत होते. गोवा १५१० मध्ये, वसई १५३४ मध्ये त्यांच्या हाती आली. इथे निवडीचा प्रश्न निराळ्याच रूपात उभा राहिला, आणि त्याचा निकाल १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतीय धर्मसभेने दिला. त्या निकालाबद्दल आजही दोन टोकांची मते ऐकू येतात.

सभेने आरंभीच तत्त्व सांगितले की धाक दाखवून, बळजबरीने कोणालाही श्रद्धेत आणणे योग्य नाही; उपदेशाने आणि चांगल्या जगण्याच्या उदाहरणाने आणावे. चर्चची बाजू मांडणारे एवढेच उद्धृत करतात. विरोधक त्यापुढची कलमे वाचून दाखवतात. हिंदू पुरोहितांना आणि धर्मशिक्षकांना हद्दीबाहेर घालवावे, मूर्ती आणि जाहीर विधी राहू नयेत, हिंदूंच्या याद्या करून त्यांना पाळीपाळीने प्रवचनाला बसवावे, असे ठराव त्याच सभेचे आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारी फर्मानाने त्यांना बळ मिळाले. गोव्यातल्या साष्टीतली हिंदू देवळे त्याच सुमारास पाडली गेली. त्याआधी १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या आदेशाने, पोरक्या झालेल्या हिंदू मुलांना पाद्रींच्या स्वाधीन करून ख्रिस्ती करण्याची तजवीज झालेली होती. सरकारी जागा आणि वारसाहक्क यांचे पारडेही ख्रिस्ती झालेल्यांकडे झुकवलेले होते.

हा निव्वळ दांभिकपणा होता, असे म्हणून सुटका होत नाही. तो निकाल देणाऱ्यांच्या डोक्यात एक तर्क होता. चुकीला हक्क नसतात. चूक समोरून हटवणे म्हणजे जबरदस्ती नव्हे, वाट मोकळी करणे. शेवटचे पाऊल मात्र माणसाने आपल्या पायाने टाकले पाहिजे, नाहीतर संस्काराला अर्थ नाही. म्हणून चारी बाजूंनी कुंपण घालायचे, एक फाटक उघडे ठेवायचे आणि त्यातून आलेल्याला ‘स्वखुशीने आला’ म्हणायचे. त्यांच्या लेखी हे प्रामाणिक होते. आजच्या वाचकाला ते तसे वाटणार नाही, वाटूही नये. पण हा तर्क समजून न घेता त्या शतकावर लिहिले की एकतर स्तुतिपाठ होतो नाहीतर आरोपपत्र.

फाटकातून आत आलेल्याला परतीची वाट नव्हती. गोव्याचे धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चारेक वर्षे वगळता, चालू होते आणि त्याचा मुख्य रोख स्नानसंस्कार झालेल्यांवर होता. घरात जुनी पूजा सापडली, तर तो गुन्हा. वसई-चौलचा पट्टाही गोव्याच्याच धर्मप्रांतात मोडत असे. एकट्या माणसाची निवड ही कल्पना तेव्हाच्या गावगाड्यात कितपत बसत होती, हेही पाहायला हवे. बऱ्याच ठिकाणी गावकी किंवा जात एकत्र ठरवी आणि एकत्र पाण्याखाली डोके वाकवी. काहींनी ते मनापासून केले, काहींनी जमीन वाचवायला, काहींनी शेजारच्याने केले म्हणून. कोणाचे कारण काय होते, ते नोंदवहीत लिहिलेले नाही.

ज्यांनी नाही म्हटले, त्यांच्या कथाही रक्ताच्या आहेत. साष्टीतल्याच कुंकळ्ळीत १५८३ मध्ये गावकऱ्यांनी पाच जेझुइट मिशनऱ्यांना ठार केले. त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळणे इथल्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. त्या पाच जेझुइटांना १८९३ मध्ये धन्यवादितांच्या मालिकेत (संतपदाच्या आधीच्या पायरीवर) स्थान मिळाले. पुढाऱ्यांच्या स्मारकाला एकविसावे शतक उजाडावे लागले. बलिदान हा शब्द तिथे दोन्ही बाजू वापरतात. वसईत जन्मलेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेलेला फ्रान्सिस्कन ब्रदर मात्र सर्वांचा आहे. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले, आणि गास गावचे चर्च त्याच्याच नावाने उभे आहे.

गोव्यातल्या राशोल इथे १६१६ मध्ये छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ याच काळाचे. एका इंग्लिश जेझुइटाने दहा हजारांवर ओव्यांमध्ये सृष्टीच्या आरंभापासून क्रुसापर्यंतची कथा मराठीत रचली. तिच्या भाषेची वाहवा भरपूर झाली आहे, होऊ दे. या टिपणापुरता मुद्दा एवढाच की ती नव्याने ख्रिस्ती झालेल्यांसाठी होती. आधी स्नान झाले, समजावणी मागून आली.

मराठ्यांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली, पुढल्या वर्षी चौल-कोर्लई सुटले. युरोपीय पाद्री गेले. राहिलेल्या चर्चची काळजी बहुतांशी गोव्याकडच्या देशी धर्मगुरूंनी वाहिली. या घटनेकडे विजयाच्या किंवा पराभवाच्या चष्म्यातून पाहिले जाते. मला ती निराळी दिसते. ज्यांच्या आजोबांना विचारले गेले नव्हते, त्यांच्यासमोर आता कोणताही पोर्तुगीज अधिकारी उभा नव्हता. काही प्रायश्चित्त घेऊन जुन्या धर्मात परतले. बाकीचे शेतात, वाडीत, होडीवर होते तसेच ख्रिस्ती राहिले. कोर्लईच्या लोकांनी तर पोर्तुगीज वळणाची आपली बोलीही सोडली नाही. या राहण्याला निवड म्हणायचे नसेल, तर त्या शब्दाचा अर्थ फारच आखडता होतो. फेलोशिपचे उपदेशक ‘तुमच्या पूर्वजांनी कधी निर्णय घेतलाच नाही’ असे सांगतात, तेव्हा १७३९ नंतरची ही जवळपास तीन शतके ते सोईस्करपणे ओलांडतात.

एकोणिसाव्या शतकात निर्णयाची भाषा प्रॉटेस्टंटांबरोबर आली. तिच्यातही गुंता होताच. मराठी नवा करार छापला तो बंगालमधल्या बॅप्टिस्टांनी, १८११ मध्ये. ते समजत्या वयातल्या बाप्तिस्म्याचेच पुरस्कर्ते. १८२३ मध्ये बाणकोटला आणि मग हर्णैला आलेले स्कॉटिश मिशनरी मात्र बालकांचाही बाप्तिस्मा करत आणि देव कोणाला तारायचे ते आधीच ठरवतो, या परंपरेत वाढलेले होते. देवाने निवडलेलेच असतील तर उपदेश कशाला, हा प्रश्न त्यांच्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या चघळला गेला होता. बाणकोटच्या लोकांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि फारसे कोणी हलले नाही. आजच्या रायगड जिल्ह्यात जन्मलेल्या एका ब्रह्मचाऱ्याने १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातला. ज्याचे कर्म त्याला, अशा समजुतीत वाढलेल्या श्रोत्याला एकाच्या पापासाठी दुसऱ्याने मरणे पटवून देणे सोपे नव्हते.

मग १८९५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावच्या एका कवीने बाप्तिस्मा घेतला. त्याच्या पत्नीने तो घ्यायला पुढे काही वर्षे लावली, आणि आपल्या वेळेने घेतला. या कवीने १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही शिष्य बसू शकत. एवढी मोकळी सोय ना मिशनला रुचली, ना पुढे कोणाला चालवता आली.

कॅथलिक बाजूही स्थिर राहिली नाही. १९१० मध्ये पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे वय सातच्या आसपास आणले गेले. १९५१ मध्ये पास्काच्या (ईस्टरच्या) जागरणविधीची नवी मांडणी झाली आणि तिच्यात लोकांनी स्नानसंस्काराची वचने मेणबत्ती हातात धरून स्वतः उच्चारण्याचा भाग आला. १५४७ मध्ये विचारू नये म्हटलेला प्रश्न आता दर वर्षी विचारला जातो, फक्त ‘नाही’ म्हणण्याची पाळी कोणावर येत नाही. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन सभेने, स्वतःचा दोष नसताना ज्यांच्यापर्यंत सुवार्ता पोहोचली नाही तेही तारले जाऊ शकतात, असे म्हटले. १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क मानला. १५६७ चा तर्क तिथे खऱ्या अर्थाने मोडला. स्नानसंस्काराविना दगावलेल्या बाळांसाठी सांगितला जाणारा ‘लिंबो’ (स्वर्गाबाहेरची एक अवस्था), ज्याच्या धास्तीने कित्येक घरांत ओल्या बाळंतिणीला मागे ठेवून मूल चर्चला नेत, त्याबद्दल व्हॅटिकनच्या अभ्यासगटाने २००७ मध्ये आशेला जागा आहे असे म्हटले. १९९९ मध्ये कॅथलिक आणि लुथरन यांनी तारण कृपेनेच मिळते यावर संयुक्त सही केली. चांगले झाले, पण किनाऱ्यावरच्या भांडणात लुथरन कुठेच नाहीत, आणि फेलोशिप त्या कागदाला बांधील नाहीत.

शासनाच्या बाजूने १९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा ठरला. धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असे त्यात म्हटले गेले. माणूस आपण होऊन बदलला की कोणी बदलवला, हे आता वकील ठरवू लागले.

सत्तरच्या दशकापासून कॅथलिकांमध्येही करिश्माई प्रार्थनासभा आणि रिट्रीट आल्या. हात उंचावून गाणे, रडून कुमसार करणे, ‘येशूला व्यक्तिशः स्वीकारणे’ हे सगळे तिथे आले. पाणी तेवढे दुसऱ्यांदा नाही. काही जण तिथेच थांबले, काहींना ती फेलोशिपकडे जाण्याची पायरी ठरली.

गेलेल्यांचे काय करायचे, यावर चर्चच्या कायद्याने दोनदा मत बदलले. १९८३ च्या संहितेत, औपचारिकपणे चर्च सोडणाऱ्याला विवाहाच्या काही नियमांतून सूट होती. कोणते कृत्य औपचारिक म्हणायचे यावर इतके वाद झाले की २००९ मध्ये ती सूटच काढली. त्यामुळे खाडीत नव्याने बाप्तिस्मा घेतलेला वसईकर तरुण फेलोशिपच्या पास्टरसमोर लग्न करतो, तेव्हा कॅथलिक कायद्यानुसार ते लग्न ग्राह्य धरले जात नाही, कारण त्या कायद्याच्या हिशेबी तो अजून कॅथलिकच असतो. त्याच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) स्नानसंस्कार नोंदवहीतले नाव खोडता येत नाही. त्याने लेखी कळवले, तर फार तर समासात एक ओळ लिहितात.