बिलव्हेड आलं कुठून: टोनी मॉरिसनचं बालपण, नोकरी आणि एक जुनं कात्रण

'बिलव्हेड' ही कादंबरी लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसनचा विषय निघाला की लोक हमखास बालपणापासून सुरू होतात. गरीब घर, काळी मुलगी, वर्णभेद, मग कादंबऱ्या, मग १९९३ चं नोबेल, संपलं. हे खोटं अजिबात नाही, पण अर्धवट आहे. तिच्या लिखाणाला खरं वळण दिलं ते तिच्या नोकरीने, असं माझं मत आहे. न्यूयॉर्कच्या एका बड्या प्रकाशनगृहातली एडिटरची नोकरी, अठरा-एकोणीस वर्षं केलेली, आणि नेमकी तीच बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकलेली असते.

तरी बालपण थोडं बघूच, कारण काही धागे तिथूनच निघतात. जन्म १९३१ चा, ओहायो राज्यातल्या लोरेन गावचा. मूळ नाव क्लोई वॉफर्ड. लेक ईरीच्या काठचं हे गाव, पोलाद आणि जहाजांच्या कारखान्यांचं, आणि कामाच्या शोधात आलेले पोलिश, इटालियन, मेक्सिकन, काळे सगळे एकाच शाळेत. काळ्यांची वेगळी वस्ती अशी नव्हती, पण म्हणून सगळं गोडीगुलाबीचं होतं असंही नाही. आई अलाबामाची, वडील जॉर्जियाचे, दोघांचीही घरं दक्षिणेतून जीव मुठीत धरून वर आलेली. वडिलांनी पोरवयात आपल्याच रस्त्यावर राहणाऱ्या दोन काळ्या व्यापाऱ्यांना जमावाने मारलेलं पाहिलं होतं, आणि त्यानंतर गोऱ्या माणसावर त्यांचा आयुष्यात कधी विश्वास बसला नाही. आईचा स्वभाव उलटा, ती प्रत्येक माणसाला एक संधी देणारी. या दोघांच्या वादाची चव मॉरिसनच्या सगळ्या पुस्तकांत लागते.

ती दोनेक वर्षांची असताना भाडं थकलं म्हणून घरमालकाने घराला आग लावली, घरचे आत असताना. भाडं किती, तर महिन्याला चार डॉलर. तिने मोठेपणी सांगितलंय की घरचे यावर हसले, म्हणजे चार डॉलरसाठी जो माणूस स्वतःचंच घर जाळतो त्याच्यावर रडायचं तरी काय. तिच्या कादंबऱ्यांत अगदी भयंकर प्रसंगात जे वेडंवाकडं हसू अचानक फुटतं ते इथलं. वडील वेल्डर होते. एकदा जहाजाच्या पत्र्याला इतका सुबक जोड दिला की त्यांनी त्यावर आपली अक्षरं कोरली, आणि पोरगी म्हणाली की हे कुणाला दिसणारच नाही, तर म्हणाले, मला तर माहीत आहे ना. आईकडचे आजोबा जॉन सॉलोमन विलिस, त्यांना त्यांच्या मूळनिवासी आईकडून ८८ एकर जमीन मिळाली होती आणि ती कागदपत्रांच्या खेळात गोऱ्यांच्या घशात गेली. १९७७ च्या 'साँग ऑफ सॉलोमन'मध्ये अक्षरओळख नसलेला एक बाप सही करून बसतो आणि शेत गमावतो, ते कुठून आलं हे वेगळं सांगायला नको. ते पुस्तक वडिलांच्या मृत्यूनंतर लिहिलेलं आणि त्यांनाच अर्पण केलेलं. पुरुषांच्या मनात शिरून लिहायचं होतं तेव्हा तिने मनातल्या मनात गेलेल्या वडिलांनाच विचारलं, की तुम्हाला माहीत असलेले पुरुष आतून कसे असतात.

आणि शाळेतली ती मैत्रीण, जिला देवाकडून निळे डोळे हवे होते. पहिली कादंबरी 'द ब्लूएस्ट आय' त्यातनंच. हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून पुढे जाऊ.

हॉवर्ड विद्यापीठ, मग कॉर्नेलला एमए, फॉकनर आणि वूल्फ या कादंबरीकारांवर प्रबंध, मग शिकवणं, जमैकन आर्किटेक्टशी लग्न, दोन मुलगे, १९६४ ला घटस्फोट. १९६५ पासून सिरॅक्यूजमध्ये शालेय पुस्तकं काढणाऱ्या कंपनीत नोकरी, ओळखीचं कुणी नाही, हवा थंडगार, धाकटा अंगावर पिता आणि दिवसभर ऑफिस. लिहायचं कधी, तर पोरं झोपल्यावर, नाहीतर पहाटे उजाडायच्या आत कॉफी करून, पोरांनी आई म्हणून हाक मारायच्या आधी. एकदा लिहीत असताना पोराने कागदावर संत्र्याच्या रसाची उलटी केली तर ती पुसत बसली नाही, डागाच्या कडेकडेने वाक्य पुरं केलं, कारण डाग नंतर पुसता येतो, वाक्य पुन्हा सुचेलच असं नाही. ज्यांना लिहायला निवांत खोली लागते त्यांनी (म्हणजे मीही) हे वाचून गप्प बसावं.

आता नोकरीचं. साठचं दशक संपता संपता ती न्यूयॉर्कला त्याच कंपनीच्या मुख्य कंपनीत आली, रँडम हाऊसमध्ये, आणि फिक्शनमधली पहिली काळी बाई सीनियर एडिटर झाली. 'द ब्लूएस्ट आय' १९७० ला दुसऱ्याच पब्लिशरकडून आलं, आपण लिहितो हे तिने ऑफिसात सांगितलंही नव्हतं. ऑफिसात काय करत होती, तर काळ्यांच्या चळवळीतल्या अँजेला डेव्हिसचं आत्मचरित्र, बॉक्सर मुहम्मद अलीचं आत्मचरित्र, गेल जोन्स आणि टोनी केड बंबारा या काळ्या लेखिकांची पुस्तकं, आफ्रिकन लेखकांचं संकलन, आणि १९७२ ला ब्लॅक पँथर या अमेरिकेतल्या काळ्यांच्या संघटनेच्या एका संस्थापकाच्या लेखांचं पुस्तक. (१९७२ म्हणजे मुंबईत दलित पँथर निघाली तेच वर्ष, नाव तिकडूनच घेतलेलं. इकडे त्या नावाने मोर्चे निघत होते तेव्हा तिकडे त्याच चळवळीच्या हस्तलिखितावर ही बाई पेन्सिल फिरवत होती.) तिचं म्हणणं साधं होतं, मोर्च्यात जाऊन चालण्यापेक्षा चालणाऱ्यांचं लिहिलेलं छापून ठेवणं हे माझं काम.

या सगळ्यात एक पुस्तक वेगळं, १९७४ चं 'द ब्लॅक बुक'. मुखपृष्ठावर हिचं नाव नाही, पण कल्पना आणि ढकलणं हिचंच. काळ्यांच्या जुन्या वस्तू जमवणारे काही हौशी संग्राहक होते, प्रोफेसर वगैरे नव्हेत, त्यांच्या ट्रंका उपसून केलेलं हे चिकटवहीसारखं पुस्तक. गुलामांच्या लिलावाच्या जाहिराती, काळ्या संशोधकांची पेटंटं, गाण्यांचे कागद, स्वप्नांचे अर्थ, झुंडबळींचे फोटो. पुढारी आणि भाषणं मुद्दाम मागे ठेवलेली, साधी माणसं पुढे. माझ्या मते मॉरिसनची सगळी पुढची कादंबरी याच टेबलावर तयार झाली, कारण इतिहास हा राजकारणात नाही, अशा कपट्यात असतो, हे ती इथे शिकली. १९९२ ची 'जॅझ' पण अशीच, न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतल्या मृतांच्या फोटोंच्या एका पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना बघितलेल्या एका मुलीच्या फोटोवरून.

'द ब्लॅक बुक'मधल्या त्या ढिगात १८५६ च्या एका ख्रिस्ती नियतकालिकाचं कात्रण होतं. स्वतःच्या मुलीला मारणाऱ्या गुलाम आईला एक धर्मोपदेशक तुरुंगात भेटायला गेला, त्याची हकीकत. बाईचं नाव मार्गारेट गार्नर. इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळा गुंता इथेच आहे आणि लोक तो दोन वाक्यात सांगून मोकळे होतात.

जानेवारी १८५६, केंटकीतून काही गुलाम कुटुंबं गोठलेली ओहायो नदी रात्री चालत ओलांडून ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीला पळाली. नदीच्या अलीकडे गुलामगिरी, पलीकडे नाही. पण १८५० चा फरारी गुलामांचा कायदा सगळीकडे लागू, त्यामुळे पलीकडे गेलं तरी सुटका नाहीच. नातेवाइकाच्या घराला मालकाच्या माणसांनी वेढा घातला तेव्हा मार्गारेटने दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला, बाकीच्यांनाही मारणार होती. आणि मग कोर्टात जे झालं ते डोकं सुन्न करणारं आहे. गुलामगिरीविरोधी मंडळींची धडपड काय, तर तिच्यावर खुनाचा खटला चालवा. कारण खून माणूस करतो आणि माणसाचाच होतो, म्हणजे ओहायोच्या कायद्याने ती आणि तिची पोर दोघी माणसं ठरल्या असत्या. शिवाय ओहायोच्या तुरुंगात राहिली तर मालकाच्या हाती तरी लागणार नाही. मालकाचं म्हणणं, ही माझी मालमत्ता आहे, परत द्या. म्हणजे तिचे हितचिंतक तिला खुनी ठरवायला धडपडत होते आणि तिचा शत्रू म्हणत होता की हिने काही गुन्हाच केलेला नाही. निकाल मालमत्तेच्या बाजूने लागला. तिला परत पाठवलं, खालच्या नदीकाठी दक्षिणेत नेताना बोटीला अपघात होऊन तिची आणखी एक तान्ही मुलगी बुडाली, आणि १८५८ ला ती टायफॉइडने मिसिसिपीत गेली.

कात्रणात दोन गोष्टी होत्या ज्या मॉरिसनच्या डोक्यातून गेल्या नाहीत. एक, तू वेडाच्या भरात केलंस का असं विचारल्यावर बाई म्हणते नाही, आत्ता आहे तितकीच शांत होते. दुसरी, सासू तिथेच होती, तिने सुनेला ना चिथावलं ना अडवलं. 'बिलव्हेड'मधली बेबी सग्ज नावाची सासू या एका वाक्यातून उभी राहिली आहे.

कात्रण १९७४ ला छापलं आणि 'बिलव्हेड' आलं १९८७ ला. मधल्या काळात काय झालं? १९८३ ला तिने नोकरी सोडली. तिनेच लिहून ठेवलंय की शेवटच्या दिवसानंतर थोड्या दिवसांनी हडसन नदीकाठच्या घरासमोर बसली होती तर छातीत धडधड, अस्वस्थ वाटतंय, आणि कारण काही कळेना, आजारी नाही, पोरं नीट आहेत. मग लक्षात आलं की हा आनंद आहे, मोकळं वाटतंय, हे इतकं मोकळं कधी वाटलंच नव्हतं. आणि तिथून विचार निघाला की बाईसाठी मोकळं असणं म्हणजे नक्की काय. तेव्हा अमेरिकेत वाद चालू होते समान पगाराचे, लग्न करायचं की नाही, मूल हवं की नको याचा हक्क. पण गुलाम बाईला हे उलटं होतं, लग्नाला कायद्याने किंमत नाही, पोरं जन्माला घालायची सक्ती, आणि त्या पोरांची आई म्हणवून घ्यायचा हक्क मात्र नाही. तेव्हा ते कात्रण परत वर आलं. म्हणून म्हणते की नोकरी दोनदा कामाला आली, एकदा करताना आणि एकदा सोडताना. एकटीने दोन पोरं वाढवणाऱ्या बाईने राजीनामा दिला नसता तर हे पुस्तक या रूपात आलं असतं असं मला वाटत नाही.

आणि मग तो निर्णय ज्यावर आजही वाद होतात. तिने गार्नरबद्दल पुढे शोधायचं नाही असं ठरवलं. त्या काळाबद्दल भरपूर वाचलं, पण त्या बाईबद्दल मुद्दाम नाही. कादंबरीतली आई सेथ गुलामगिरीत परत जात नाही, ती तुरुंगातून सुटून त्याच गावात, १२४ नंबरच्या घरात, मारलेल्या मुलीच्या भुताबरोबर जगते, साल १८७३. काही अभ्यासकांना हे खटकतं, खऱ्या बाईचं दुःख घेतलं आणि तिचं आयुष्य मात्र बाजूला ठेवलं, असं ते म्हणतात. बरं, एका नामवंत काळ्याच समीक्षकाने तर हे पुस्तक म्हणजे ज्यूंच्या हत्याकांडाशी स्पर्धा लावण्याचा प्रकार आहे असं झोडपलं होतं, अर्पणपत्रिकेतला सहा कोटींचा आकडा त्याला बोचला. मला स्वतःला तिचा निर्णय पटतो. खऱ्या गार्नरची गोष्ट कोर्टाने संपवली, मॉरिसनला कोर्टाच्या पलीकडचा प्रश्न हवा होता, की ती मेलेली पोरगी परत आली तर आईला काय विचारेल. कोर्टाला तो विचारायचा अधिकारच नव्हता.

पुरस्कारांचं राजकारण थोडक्यात. १९८७ ला नॅशनल बुक अवॉर्ड हुकलं, त्याच डिसेंबरात ज्येष्ठ काळे लेखक जेम्स बाल्डविन गेले, तेही हे मोठे पुरस्कार न मिळताच, आणि जानेवारी १९८८ ला ४८ काळ्या लेखक-समीक्षकांनी वर्तमानपत्रात जाहीर निवेदन दिलं की मॉरिसनलाही हे पुरस्कार मिळालेले नाहीत. दोनेक महिन्यांत पुलित्झर मिळालं. दबावामुळे मिळालं का, यावर तेव्हा चर्चा झाली आणि मंडळातल्या एका पदाधिकाऱ्याला गुणवत्तेवरच दिलंय असं सांगावं लागलं. आता पुस्तक वाचलेला कुणी हा प्रश्न विचारत नाही.

नंतरही आयुष्य पानांत येत राहिलं. २०१० च्या डिसेंबरात धाकटा मुलगा कॅन्सरने गेला, ती 'होम' या कादंबरीच्या मध्यावर होती. लिहिणं थांबलं. मग तिला वाटलं की आपल्यामुळे आईचं लिखाण अडलं हे त्याला आवडलं नसतं, आणि २०१२ ला पुस्तक आलं, अर्पणपत्रिकेत फक्त त्याचं नाव.

गार्नरकडे मात्र ती परत गेली, २००५ ला, डेट्रॉइटमध्ये झालेल्या ऑपेराची संहिता लिहिताना, आणि या वेळी खऱ्या नावाने. त्यात बाईवर खटला चालतो तो खुनाचा नाही, मालमत्ता चोरल्याचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती गेली, ८८ व्या वर्षी. तिच्यानंतर अमेरिकेतल्या शाळांतून तिची पुस्तकं काढायची मोहीम आणखी जोरात आली, २०२१ ला तर व्हर्जिनियाच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत 'बिलव्हेड'वर प्रचाराची जाहिरात निघाली. आक्षेपांच्या याद्यांत लैंगिक वर्णनं असतात, हिंसा असते, आणि आईने मूल मारण्याचा प्रसंगही असतो, म्हणजे १८५६ ला एका धार्मिक पेपरने कुणाला न विचारता छापलेली बातमी.