विसाव्याला सोडलेली जमीन

मोझांबिकच्या उत्तरेतला नियासा प्रांत क्षेत्रफळाने देशात सर्वांत मोठा आणि वस्तीने अगदी विरळ. इथे जमिनीला तोटा नाही, या समजुतीवर 2005 नंतर पाइन आणि निलगिरीच्या लागवडीसाठी युरोपातून पैसा आला. स्वीडन-नॉर्वेतल्या चर्चशी संबंधित संस्था आणि नेदरलँड्सचा एबीपी हा पेन्शन फंड यांच्या पैशातून चिक्वेती नावाची कंपनी रोपे लावू लागली. पेन्शन फंडांना झाडे आवडतात, कारण बाजार कोसळला तरी झाड वाढतच राहते. भाव नसेल तर तोड दोन वर्षे लांबवायची, तेवढ्यात लाकूड आणखी भरते.

पण विरळ वस्तीही सगळीकडे सारखी पसरलेली नसते. लिचिंगा या प्रांताच्या राजधानीभोवतालच्या पठारावर पाऊस बरा, रस्ते जवळ, म्हणून शेतकरी तिथेच दाटलेले. ट्रक आणि मजूर लागणाऱ्या कंपनीलाही तोच पट्टा हवा होता.

तिथली शेती समजल्याशिवाय पुढचे भांडण कळणार नाही. मिओंबो नावाच्या या पानगळीच्या जंगलातली माती पोषकद्रव्ये पावसाने धुऊन गेल्याने बरीचशी निकस झालेली असते. शेतकरी झाडे तोडून जाळतो, राखेतून पालाश, स्फुरद, चुना मातीत उतरतो आणि काही वर्षे मका, कसावा पिकतो. मग कस उतरतो, तण माजते, आणि तो तुकडा बरीच वर्षे सोडून द्यावा लागतो. बुंधे मेलेले नसतात. त्यांना आणि मुळांना फुटवे येतात, पालापाचोळ्याने माती सावरते. कोकणात वरकस जमीन नाचणी-वरीनंतर अशीच टाकत. या मधल्या काळातही त्या रानातून सरपण, अळंबी, मध, औषधी मुळ्या, छपराचे गवत येतच असते, आणि ते गोळा करण्यात बायकांचा मोठा वाटा असतो. ज्या वर्षी सर्वेक्षण होते, त्या वर्षी मात्र तिथे पीक दिसत नाही. एका वर्षाच्या उपग्रह छायाचित्रात तर ती निव्वळ झुडपेच. माझ्या मते सगळा घोळ ‘रिकामी जमीन’ या एका नोंदीत आहे.

मोझांबिकचा 1997 चा जमीन कायदा तसा चांगला आहे. जमीन सरकारची, ती विकता येत नाही. पण परंपरेने कसणाऱ्याचा हक्क कागद नसतानाही मान्य, आणि तोंडी साक्षही पुरावा धरली जाते. गुंतवणूकदाराला जास्तीत जास्त 50 वर्षांचा, एकदा वाढवता येणारा हक्क मिळतो, तोही गावाशी सल्लामसलत झाल्यावरच. प्रत्यक्षात ही सल्लामसलत बऱ्याचदा मुखियापाशी थांबते. रोजगाराचे आश्वासन मिळते, पण लागवडीच्या हंगामात भरपूर हात लागतात आणि नंतर फार थोडे. पाइन दाट झाल्यावर खाली सावली आणि सुयांचा थर, त्यात ना मका येतो ना अळंबी पूर्वीसारखी.

2011 मध्ये गावकऱ्यांनी कंपनीची हजारो पाइनची झाडे उपटली, तोडली. 2014 मध्ये हा सगळा व्यवहार नॉर्वेच्या ग्रीन रिसोर्सेसमध्ये विलीन झाला.

गावाच्या हाती एक साधन आहे: सीमांकन. गावकरी स्वतः नकाशा काढतात, चालू शेते, विसाव्याची राने, पाणवठे, दफनभूमी दाखवतात, आणि ती हद्द गावाच्या नावे सरकारदप्तरी नोंदली जाते. यासाठी तंत्रज्ञ, प्रवास आणि पैसा लागतो. कंपनीच्या मोजणीचा खर्च कंपनी करते. गावाच्या मोजणीसाठी एखादी संस्था पुढे यावी लागते, आणि ती बहुधा कंपनीनंतर पोहोचते.