‘पाँच’: पुण्यातल्या खुनांपासून अडलेल्या सिनेमापर्यंत

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून पडले. वर आणीबाणी चालू होती आणि दिवेलागणीलाच दारांना कड्या लागत होत्या. पकडले गेले ते कुणी सराईत गुन्हेगार नव्हते, टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातली पोरं होती. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह यांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. पाचवा साथीदार माफीचा साक्षीदार झाल्यामुळे वाचला. ‘माफीचा साक्षीदार’ याच नावाचा मराठी चित्रपट पुढे आला, त्यात नाना पाटेकर होते. त्यातली हिंसा इतकी अंगावर येणारी होती की त्याच्या प्रदर्शनालाही काही काळ स्थगिती मिळाली.

हे प्रकरण अनुराग कश्यपने आपल्या ‘पाँच’ या हिंदी सिनेमासाठी घेतलं, पण जसंच्या तसं नाही. पुण्याची झाली मुंबई आणि कलाशाखेच्या पोरांचा झाला कफल्लक रॉक बँड. त्या दहांपैकी जोशी आणि अभ्यंकर या कुटुंबांच्या घरातले खून त्याने बाजूला ठेवले. उचलला तो पहिल्या खुनाचा धागा: ओळखीतल्याच मुलाला पळवायचं आणि त्याच्या बापाकडून पैसे उकळायचे. माझ्या मते निवड अचूक होती. या प्रकरणात खरी भीती सुऱ्याची नाहीच. चार जण एकाच्या धाकात कसे येतात, आणि ‘नको’ म्हणायची वेळ कशी निघून जाते, भीती त्याची आहे. के. के. मेननचा ल्यूक, म्हणजे बँडचा म्होरक्या, पाहताना ते कळतं.

सेन्सॉरला मात्र हिंसा, अमली पदार्थ आणि शिव्या खटकल्या. एकही पात्र भलं नाही, हीसुद्धा तक्रार होती. जणू जक्कलच्या टोळीत एखादा सज्जन हवाच होता! काटछाट होऊन २००१ मध्ये प्रमाणपत्र मिळालं, पण निर्मात्याच्या अडचणींमुळे सिनेमा डब्यातच राहिला. कश्यपचा पुढचा ‘ब्लॅक फ्रायडे’ही १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्याच्या निकालापर्यंत कोर्टात अडकला आणि २००७ मध्ये सुटला.

‘पाँच’ महोत्सवांत दिसला, मग इंटरनेटवर टोरंटवरून पसरला. हॉस्टेलच्या खोल्यांत, फुटक्या प्रिंटवर तो पाहिला गेला. तिकीटबारीचा आकडा नाही, पहिल्या शुक्रवारची परीक्षणं नाहीत. त्यामुळे तो फसला असता की चालला असता, हा वाद कश्यपचे चाहते आजही घालतात. यात विशाल भारद्वाजचं संगीत मात्र उगाच मागे पडलं.