जाहिरातवाला ते चेअरमन (करिअरची वाट)

जाहिरात एजन्सीत नाहीतर पेपर-टीव्हीच्या जाहिरात विभागात नोकरी सुरू करायची आणि शेवटी कंपनीच्या संचालक मंडळाच्या अध्यक्षपदी, म्हणजे चेअरमनच्या खुर्चीत बसायचं, अशी करिअरची एक वाट आहे, त्या वाटेबद्दल ही नोंद. मराठवाड्यात आधी एक खुलासा करावा लागतो, कारण इकडं नुसतं ‘चेअरमन आले’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं साखर कारखान्याचा चेअरमन येतो, नाहीतर गावच्या विकास सोसायटीचा, फार तर पतसंस्थेचा. कंपनीचा चेअरमन हा वेगळा प्राणी. त्याला पॅनल उभं करावं लागत नाही आणि बोर्डाची मीटिंग सोडली तर बऱ्याच जणांना रोजचं काम पण नसतं.

चेअरमन नेमकं करतो काय

2013 च्या कंपनी कायद्यानुसार बोर्डाच्या वर्षाला किमान 4 बैठका व्हायला पाहिजेत आणि दोन बैठकांत 120 दिवसांपेक्षा जास्त खंड पडायला नको. या बैठका आणि वार्षिक सभा चालवणं, भागधारकांचे प्रश्न झेलणं, मॅनेजिंग डायरेक्टर वाट सोडून चालला तर त्याला अडवणं, हे चेअरमनचं मुख्य काम. रोजचा कारभार एमडी बघतो. कायद्याच्या कलम 203 मध्ये एकच माणूस चेअरमन आणि एमडी नको असं आहे, पण कंपनीच्या नियमावलीत तशी सोय असली तर चालतं, त्यामुळं घरच्या कंपन्यांत ‘सीएमडी’ (चेअरमन आणि एमडी एकच) ही पाटी सर्रास दिसते. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं मोठ्या 500 लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना ही दोन पदं वेगळी करायला लावायचं ठरवलं होतं, मुदत 2020 ची, मग ती 2022 वर गेली, आणि 2022 च्या फेब्रुवारीत सगळंच ऐच्छिक करून टाकलं. आपल्याकडं नियमाला मुदतवाढ मिळायला लागली की तो नियम कुठं पोचणार हे कळून जातं.

सुरुवात : रेट कार्ड आणि वसुली

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं जाहिरातीत म्हणजे आयडिया सुचायला पाहिजे, स्लोगन लिहायला पाहिजे. ते काम करणारे थोडे. बाकीचे सगळे क्लायंट सांभाळणारे, जागा विकणारे आणि पैसे वसूल करणारे, आणि माझ्या मते चेअरमनची खुर्ची या तिसऱ्या कामातून जास्त तयार होते.

पेपरातली जागा कॉलम सेंटीमीटरवर विकतात (मोठ्या पेपरांत आता स्क्वेअर सेंटीमीटर चालतं). दोन कॉलम रुंद आणि 12 सेंटीमीटर उंच म्हणजे 24 कॉलम सेंटीमीटर, त्याला रेटनं गुणायचं, पहिलं पान असेल तर वेगळा रेट, रंगीत असेल तर वेगळा, आणि मग गिऱ्हाईक जेवढं म्हणेल तेवढं कमी करायचं. एजन्सीमार्फत जाहिरात आली तर एजन्सीला ठरलेलं कमिशन 15 टक्के, म्हणजे लाखाच्या जाहिरातीवर 15 हजार. एजन्सीकडून येणाऱ्या ऑर्डरच्या कागदाला आरओ म्हणतात, आणि आरओ आला म्हणजे पैसे आले असं समजणारा पोरगा पहिल्या वर्षीच तोंडावर आपटतो.

मराठवाड्यात या धंद्याचं कॅलेंडर ठरलेलं आहे. जूनच्या आधी बियाणं, त्याच सुमाराला निकाल लागले की लातूर-नांदेडच्या क्लासेसच्या पानपानभर जाहिराती, त्यात टॉपर पोरांचे फोटो रांगेनं लावलेले, मग दसरा-दिवाळीला सराफा, कपडा, टू-व्हीलरचे शोरूम, लग्नसराईत मंगल कार्यालयं आणि वर्षभर पुढाऱ्यांचे वाढदिवस. हा शेवटचा प्रकार म्हणजे लोकल पेपरचा कणा.

मी स्वतः दोन वर्षं एका तालुक्याच्या गावी हे काम केलंय. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पाव पानाची जाहिरात घेतली, वर साहेबांचा फोटो आणि खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून 41 जणांचे छोटे छोटे फोटो, प्रत्येकाकडून 500 रुपये. सकाळी पेपर आला तर फोटो 40. एक उपसरपंच गायब. मी मोंढ्यात बियाण्याच्या दुकानावर पैसे गोळा करायला गेलो तर हा माणूस आधीच तिथं पोत्यावर पेपर पसरून बसलेला, फोटो बोटानं मोजत. ‘यात मी कुठाय दाखव, आन पैसे कशाचे मागायलास?’ त्यानं आणखी 11 जणांना पैसे देऊ नका म्हणून पटवलं, आणि ते सगळे पैसे माझ्या कमिशनमधून तीन महिने कापले गेले. शेवटी त्याच पेपरात त्याच्या एकट्याच्या फोटोची मोठी जाहिरात फुकट छापली. दुसऱ्या दिवशी तिची फ्रेम करून त्यानं दुकानात लावली आणि पुढच्या वर्षी स्वतःहून पाव पान दिलं, तेही रोख. तिथं मला कळलं की आपण जागा विकत नसतो, मान विकत असतो, आणि चाळीस जणांना खूश करून एकाला विसरलं की तो एक जण धंदा बसवू शकतो. बोर्डरूममध्ये पण याच्याहून वेगळं काही होत असेल असं मला वाटत नाही, फक्त तिथं पोत्याऐवजी खुर्च्या असतात.

एजन्सीची आणि माध्यमाची बाजू

भारतात रेडिओवर जाहिराती आल्या 1967 साली विविध भारतीवर, दूरदर्शनवर 1976 ला. तोपर्यंत सगळा धंदा पेपर, सिनेमाच्या स्लाइडी आणि भिंती. पेपरचा खप खरा किती हे तपासणारी एबीसी ही संस्था 1948 पासून आहे, टीव्हीचं रेटिंग देणारी बार्क 2015 पासून. या आकड्यांमुळं मीडिया प्लॅनिंग नावाचं वेगळं खातं मोठं झालं, म्हणजे कुठल्या पेपरात, कुठल्या चॅनेलवर, किती वेळा. पूर्वी एजन्सीत हे काम मागच्या खोलीत चालायचं, 1990 नंतर त्याच्या वेगळ्या कंपन्या झाल्या आणि पैशाची चावी त्यांच्याकडं गेली. साहजिकच वरच्या खुर्च्यांवर पण आकडेवाली माणसं दिसायला लागली.

काही माणसं

ए. जी. कृष्णमूर्ती यांचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. अहमदाबादच्या कॅलिको मिलच्या वर्तुळातून ते शिल्पी नावाच्या एजन्सीत गेले, 1976 ला रिलायन्सचे जाहिरात मॅनेजर झाले आणि 1980 साली 35 हजार रुपये आणि विमल (रिलायन्सचं कापड) हा एकच क्लायंट घेऊन ‘मुद्रा’ ही एजन्सी सुरू केली. मुंबईच्या इंग्रजी बोलणाऱ्या जाहिरात जगात अहमदाबादची एजन्सी म्हणजे त्या काळी थट्टेचाच विषय, पण ‘ओन्ली विमल’ आणि ‘आय लव्ह यू रसना’ घराघरात गेलं. 2003 ला ते चेअरमन आणि एमडी म्हणून निवृत्त झाले. अहमदाबादची जाहिरात-मार्केटिंग शिकवणारी माइका ही संस्था पण 1991 साली त्यांच्याच पुढाकारानं उभी राहिली.

पीयूष पांडे राजस्थानकडून रणजी खेळलेले, चहा चाखायची नोकरी केलेले. 1982 ला ओगिल्वी या एजन्सीत आले ते क्लायंट सांभाळायला, लिहायला नंतर लागले. फेविकॉलच्या जाहिराती त्यांच्या हाताखालच्या, ‘मिले सुर मेरा तुम्हारा’चे शब्द त्यांचे. ते भारतातल्या ओगिल्वीचे एक्झिक्युटिव्ह चेअरमन झाले, 2016 ला पद्मश्री, 2025 च्या ऑक्टोबरमध्ये गेले. वर मी म्हटलं की खुर्ची वसुलीतून तयार होते, त्याला हा माणूस मोठा अपवाद, हे कबूल करायला पाहिजे. सॅम बलसारा यांनी 1988 ला मॅडिसन ही एजन्सी काढली आणि तिचे चेअरमन झाले, ते माध्यम बाजूचे पक्के.

बाहेरदेशी डेव्हिड ओगिल्वी. हा माणूस पॅरिसच्या हॉटेलात स्वयंपाकी होता, मग स्कॉटलंडमध्ये दारोदार आगा कंपनीच्या शेगड्या विकायचा, 1948 ला न्यूयॉर्कमध्ये एजन्सी काढली. 1989 साली मार्टिन सोरेल यांच्या डब्ल्यूपीपीनं ती एजन्सी ताब्यात घेतली, तेव्हा ओगिल्वींनी सोरेलना जाहीरपणे शिवी हासडली होती, आणि थोड्याच दिवसांत त्याच डब्ल्यूपीपीचं चेअरमनपद स्वीकारलं, बिनकारभाराचं. गंमत अशी की डब्ल्यूपीपी ही मुळात वायरच्या बास्केटा बनवणारी कंपनी, सोरेल यांनी ती 1985 ला हाताशी धरली ती निव्वळ लिस्टेड कंपनी पाहिजे म्हणून. सोरेल स्वतः हिशोबातून आलेले, साची अँड साची या एजन्सीचे फायनान्स डायरेक्टर.

मराठवाड्यात ही शिडी मधेच तुटते

कारखाने इकडं आहेत. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 ला महिको ही बियाण्याची कंपनी काढली आणि 1998 ला त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, संभाजीनगरात (तेव्हाचं औरंगाबाद) निर्लेपचे तवे तयार झाले, वाळूजला बजाजचा कारखाना 1985 ला सुरू झाला. पण ‘हमारा बजाज’ ही जाहिरात बनवली मुंबईच्या लिंटास एजन्सीनं. माल इकडचा आणि जाहिरातीचं बजेट ठरणार मुंबई-पुण्यात, हे गणित अजून फार बदललेलं नाही. लोकल माणसाच्या वाट्याला येतात डीलरची छोटी जाहिरात, भिंत रंगवणं, फ्लेक्स आणि रिक्षावरचा भोंगा.

पेपरवाल्यांचं पण तसंच. लोकमतची औरंगाबाद आवृत्ती 1982 ला आली, भास्कर ग्रुपनं मराठीत उतरताना दिव्य मराठीची पहिली आवृत्ती 2011 ला इथूनच काढली. त्यांच्या आधीपासून अनंत भालेरावांचा ‘मराठवाडा’ होता. शिवाय जिल्ह्या-जिल्ह्यातले पेपर, नांदेडचे प्रजावाणी, गोदातीर समाचार, बीडचा झुंजार नेता, लातूरचा एकमत. नवीन पेपर आला की जुन्याची जाहिरात विभागाची माणसं फुटतात, पगार वाढतात, कुणी युनिट मॅनेजर होतो, कुणी जनरल मॅनेजर. त्याच्या वरच्या खुर्च्या मात्र बहुतेक ठिकाणी मालकाच्या घरातच राहतात. त्यामुळं इथला हुशार जाहिरातवाला चाळिशीत दोनपैकी एक काहीतरी करतो, पुण्याला जातो नाहीतर स्वतःची एजन्सी टाकतो, आणि एजन्सी चालली की व्हिजिटिंग कार्डावर ‘चेअरमन’ छापून घेतो, ऑफिसात माणसं चार असली तरी.

जाता जाता धंद्याची एक गोष्ट. ज्या कंपन्यांना भागधारकांचं ई-व्होटिंग घ्यावं लागतं, त्यांना वार्षिक सभेच्या किमान 21 दिवस आधी पेपरात नोटीस द्यावी लागते, एक इंग्रजी पेपरात आणि एक रजिस्टर्ड ऑफिस असलेल्या जिल्ह्याच्या भाषेतल्या पेपरात. म्हणजे जिचं रजिस्टर्ड ऑफिस जालन्यात, तिची नोटीस मराठीतच लागणार. जाहिरात विभागात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अशा नोटिसांवर सगळ्यांचा डोळा असतो, कारण त्यात फोटो नसतो, कुणाचं नाव राहिलं म्हणून कुणी पोत्यावर बसून राहत नाही, आणि पैसे वेळेवर येतात.